चवळी लावताय? आधी वाण बघा, मग दोन झाडांतलं अंतर ठरवा

चवळी म्हणजे टाकली की येते असं गावात कोणीही सांगेल, आणि येतेच ती, प्रश्न येण्याचा नाहीच. प्रश्न हा की फुलोऱ्यात आल्यावर कळ्या गळतात, शेंगा आल्या तर त्यात अळी, शेंडे काळेकुट्ट माव्याने भरलेले, आणि मग नवीन माणूस थेट औषधाच्या दुकानात जाऊन उभा राहतो. माझं म्हणणं असं की यातला बराच त्रास पेरायच्या दिवशीच ठरलेला असतो, कुठलं वाण घेतलं आणि किती अंतरावर टोकलं यावर. बियाणं आणि अंतर या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवायच्याच नाहीत, एकत्रच ठरवायच्या. हा लेख दोन-चार गुंठ्यांपासून एकरभर चवळी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली, त्यातही कोकणाकडची जास्त, कारण भात निघाल्यावर शिल्लक ओलीवर चवळी करायची पद्धत इकडे जुनी आहे.

पहिलं काम: दाणा हवाय की शेंग, आणि झाड कसं वाढणार

दुकानात गेलं की "चवळी द्या" म्हणू नका. झुडपी की पसरणारी की वेल, दाण्यासाठी की भाजीच्या शेंगांसाठी, आणि कुठल्या हंगामात लावणार, एवढं सांगा.

दाण्यासाठी इकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कोकण सदाबहार खूप चालतं, साधारण 60 ते 65 दिवसांत निघतं, आणि दिवस लहान-मोठा झाल्याचा त्यावर फार परिणाम होत नाही म्हणून तिन्ही हंगामांत येतं. टपोरा पांढरा दाणा हवा असेल तर कोकण सफेद आहे. घाटावर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं फुले पंढरी. कोवळ्या शेंगांसाठी पुसा कोमल किंवा वाराणसीचं काशी कांचन, दोन्ही झुडपी. आणि ती हातभर लांब शेंगांची चवळी, अर्का मंगलासारखी, ती पूर्ण वेल आहे, तिला मांडव किंवा तार-सुतळी लागतेच, जमिनीवर सोडली तर शेंगा मातीला लागून वाया जातात.

गावठी बियाण्याबद्दल जरा जास्त सांगतो कारण बहुतेक नवीन लोकांची सुरुवात शेजाऱ्याने दिलेल्या मूठभर बियाण्यानेच होते. चव उत्तम, गोव्याकडच्या अळसांद्यांची (तिकडची गावठी चवळी) उसळ ज्याने खाल्ली त्याला वेगळं सांगायला नको. पण यातल्या बऱ्याच जाती दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलावर येत नाहीत. जूनमध्ये टोकली तर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत नुसती पानं आणि वेल, आणि दोन ओळींमधली जागा केव्हाच झाकून टाकतात, मग आत पाय ठेवायला जागा नाही, हवा नाही, ऊन नाही. हेच बियाणं भात कापल्यावर नोव्हेंबरात टाकलं तर झाड निम्मंसुद्धा होत नाही आणि लवकर फुलतं. म्हणजे एकाच बियाण्याला खरीपात एक अंतर आणि रब्बीत दुसरं. हे ज्याला कळलं त्याचं अर्धं काम झालं.

वाण निवडताना अजून एक गोष्ट बघा जी पाकिटावर लिहिलेली नसते. कोणाच्या शेतात ते वाण उभं असेल तर जाऊन बघा की शेंगा कुठे लागतात. काही वाणांत देठ लांब असतो, शेंगा पानांच्या वर उघड्यावर येतात आणि एका देठावरच्या दोन शेंगा एकमेकींपासून फाकलेल्या असतात. काहींत शेंगा पानांच्या आत दडलेल्या, एकमेकींना चिकटून. शेंग पोखरणाऱ्या अळीला दुसरा प्रकार फार सोयीचा, कारण ती शेंग-शेंग किंवा शेंग-पान जाळीने जोडते आणि त्या आडोशाला बसून खाते. नायजेरियात इबादानला आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथे चवळीवर वर्षानुवर्षं काम झालंय, आणि त्यात हे नीट दिसलंय की शेंगा पानांच्या वर आणि फाकलेल्या असल्या की अळीचं नुकसान कमी होतं. दोन वाणांत मन अडलं तर मी तरी उघड्यावर शेंगा धरणारंच घेईन, तोडायलाही सोपं जातं.

दुसरं काम: अंतर कमी-जास्त केलं की कुठल्या किडीचं काय होतं

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ. एक म्हणतो पातळ लावा कीड कमी होते, दुसरा म्हणतो दाट लावा. दोघंही अर्धे बरोबर आहेत, कारण सगळ्या किडी एकसारख्या वागत नाहीत.

मावा घ्या. चवळीवरचा काळा मावा पहिल्यांदा शेतात येतो तो पंख असलेला, उडत येतो, आणि उघड्या मातीवर उठून दिसणारं हिरवं रोप त्याला पटकन सापडतं. पातळ पेरणीत मधे सगळी माती उघडी, म्हणून तिथे तो जास्त उतरतो. जमीन लवकर झाकली गेली की उतरणारा मावा कमी होतो. आणि तो नुसता रस शोषत नाही, मोझॅक म्हणजे पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणाऱ्या रोगाचा व्हायरसपण सोबत आणतो, म्हणून पहिले 3-4 आठवडे फार महत्त्वाचे.

आता शेंग पोखरणारी अळी, फुलकिडे आणि शेंगेवरचे ढेकूण, यांचं नेमकं उलट. दाट पिकात आत सावली, दमटपणा, लपायला जागा, फुलं-शेंगा एकमेकांना टेकलेल्या, आणि फवारलं तरी औषध आतपर्यंत पोचत नाही. पूर्व युगांडात चवळीवर झालेलं एक संशोधन 2000 साली प्रसिद्ध झालं, त्यात हेच आढळलं की जवळ लावलेल्या चवळीत मावा कमी, पण फुलकिडे, शेंग पोखरणारी अळी आणि ढेकूण वाढायचा कल. देश वेगळा असला तरी किडी आपल्याच भाऊबंद आहेत, मावा आणि शेंग पोखरणारी अळी तर तीच.

मग करायचं काय? माव्याचा धोका सुरुवातीला आणि शेंगकिडींचा धोका फुलोऱ्यापासून पुढे, म्हणजे वेळा वेगळ्या आहेत, आणि याचाच फायदा घ्यायचा. टोकताना ओळीत जरा जवळ टोका आणि 15 ते 20 दिवसांनी विरळणी करा. सुरुवातीला जमीन लवकर झाकते, खोडमाशीने किंवा मर होऊन काही रोपं गेली तरी जागा रिकामी राहत नाही, आणि फुलं यायच्या आधी पीक मोकळं झालेलं असतं. नवीन माणसाला विरळणी करवत नाही, चांगलं उगवलेलं रोप उपटायचं म्हणजे जिवावर येतं, पण करा. उपटताना बारकी, पिवळी, आकसलेल्या पानांची रोपं आधी काढायची. उपटलेलं शेळ्यांना जातंच. दाट ठेवलेल्या ओळीतली झाडं उंच, कमी फांद्यांची होतात आणि खालच्या कळ्या गळतात.

तिसरं काम: आकडे

झुडपी दाण्याचं वाण, खरीप, मध्यम जमीन: दोन ओळींत 45 सेंमी, दोन झाडांत 15 सेंमी. यात गुंठ्याला साधारण 1500 झाडं बसतात. 45 सेंमी ठेवायचं अजून एक कारण म्हणजे कोळपं आरामात चालतं, आणि चवळीत पहिले 30-35 दिवस तण आवरलं की पुढे पीकच तणाला दाबतं.

भात काढून ओलीवर करताय, पाणी द्यायची सोय नाही, वाढ कमीच होणार, तर 30 बाय 15 चालतं, गुंठ्याला 2200 च्या आसपास झाडं. इथे 45 ठेवलं तर ओळींमधली माती शेवटपर्यंत उघडी राहते, ओल उडून जाते आणि माव्यालाही आमंत्रण.

पसरणारं गावठी वाण खरीपात: 60 बाय 30, गुंठ्याला साडेपाचशेच्या वर थोडी झाडं, आणि त्याहून जवळ अजिबात नको. जमीन भारी असेल तर ओळींत 75 सेंमी पण ठेवू शकता. वेलाच्या लांब शेंगांसाठी ओळींमध्ये मीटरभर, झाडांत 30 ते 45 सेंमी, आणि वेल सुतळीवर चढवायचे. वेल वर गेले की जमिनीवर दाटी होतच नाही, शेंगा लटकतात आणि अळी लांबूनच दिसते.

बियाणं किती लागेल? झुडपी वाण 45 बाय 15 ला हेक्टरी 15 ते 20 किलो, म्हणजे गुंठ्याला 200 ग्रॅम धरा. मी सांगतोय तसं जवळ टोकून विरळणी करायची असेल तर 300 ते 350 ग्रॅम घ्या. बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयोगी बुरशी) किलोला 5 ग्रॅम, मग पेरायच्या जरा आधी रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू) आणि पीएसबी (जमिनीतलं स्फुरद पिकाला मोकळं करून देणारे जिवाणू), प्रत्येकी 10 किलोला 250 ग्रॅम या हिशोबाने, सावलीत सुकवायचं आणि लगेच टोकायचं.

खताचं थोडक्यात: हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद, म्हणजे गुंठ्याला पाव किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, पेरतानाच. नंतर पीक जरा फिकं दिसलं की युरिया मारायचा मोह होतो, तो आवरा. मुळांवर गाठी सुटल्या की चवळी नत्राची सोय स्वतः करते, वरून दिलेला युरिया फक्त लुसलुशीत पाला वाढवतो, आणि लुसलुशीत पाला वाढला की 45 सेंमीचं अंतरसुद्धा दाट होऊन बसतं, शिवाय माव्याला तेच हवं असतं.

चौथं काम: रोज नको, पण आठवड्यातून दोनदा शेतात फिरा

कडेकडेने नाही, आत जाऊन. शेताच्या चार कोपऱ्यांत आणि मधे थांबून प्रत्येक ठिकाणी चार-पाच झाडं बघायची.

पहिल्या महिन्यात शेंडा आणि कोवळ्या पानांची खालची बाजू बघा. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की वर मावा आहे का ते बघायचं, कारण माव्याचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात. फक्त एक लक्षात ठेवा, चवळीच्या फुलांच्या देठावरही गोड रसाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे फुलोऱ्यात मुंग्या दिसल्या म्हणजे मावा असेलच असं नाही. माव्यासोबत करड्या-काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, लांबुडकी काटेरी अळी दिसेल, नवीन लोक तिलाच आधी मारतात. ती लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी, मावा खाऊन जगते, तिला हात लावू नका. दहातल्या एखाद्या झाडाचाच शेंडा भरलेला असेल तर तेवढा शेंडा पिशवीत धरून खुडा आणि बांधाबाहेर न्या.

पानांवर हिरवे-पिवळे चट्टे, पान आकसलेलं, म्हणजे मोझॅक. झाड उपटा. मोझॅकचे काही व्हायरस बियातूनही पुढच्या पिकात जातात, म्हणून अशा झाडाची शेंग बियाण्याला कधीच ठेवायची नाही.

फुलं सुरू झाली की सकाळी लवकर जा. चवळीचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. फूल तोडून पाकळ्या बोटांनी हळूच बाजूला करा. आत बारीक, पट्टीसारखे काळपट किडे इकडून तिकडे पळाले तर फुलकिडे. आणि पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, आत तपकिरी चुरा, ओलसर विष्ठा आणि पांढुरकी, अंगावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असलेली बारकी अळी दिसली, तर हीच ती जी पुढे शेंगेत शिरणार. तिला इथेच पकडायचं. शेंगेला भोक पडून बाहेर विष्ठा दिसायला लागली की अळी आत सुरक्षित, मग फवारा कितीही मारा, पोचतच नाही. ज्यांची चवळी दाट आहे त्यांनी हे फूल बघायचं काम शेताच्या मधल्या भागात नक्की करा, कडेला सगळं छान असतं आणि आत बाजार उठलेला असतो.

पाचवं काम: फवारायचंच असेल तर

आधी निंबोळी अर्क 5 टक्के. 10 लिटरसाठी अर्धा किलो निंबोळीची पूड रात्रभर एक-दोन लिटर पाण्यात भिजत ठेवायची, सकाळी फडक्याने गाळून, थोडा साबणाचा चुरा विरघळवून, पाणी घालून 10 लिटर करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. कळ्या दिसायला लागल्या की पहिला फवारा. संध्याकाळी मारा, सकाळी फुलांवर मधमाश्या असतात आणि अळीचा पतंग रात्रीच फिरतो. पिवळे चिकट सापळे मावा-पांढऱ्या माशीसाठी आणि निळे फुलकिड्यांसाठी लावता येतात, पण त्यांचा खरा उपयोग कीड आली हे वेळेत कळण्यासाठी.

रासायनिक औषधाचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. चवळीवर त्याची शिफारस आहे का हे लेबलवर बघा किंवा कृषी सहायकांना विचारा, आणि शेंगा भाजीसाठी तोडणार असाल तर फवारणी आणि तोडणी यात किती दिवस सोडायचे ते वाचल्याशिवाय पंप पाठीवर घेऊच नका. कोवळी शेंग दर दोन-तीन दिवसांनी तोडतो आपण, आणि ती आपल्याच घरात शिजते.

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी कडेने मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी चवळीच्या आधीच टाकाव्यात, उडत येणारा मावा आधी तिथे अडकतो. आणि ओळींमध्ये सुका पातेरा किंवा काड पसरलं तर माती झाकली जाते, म्हणजे अंतर मोकळं ठेवूनही माव्यापासून थोडं संरक्षण मिळतं, ओलही टिकते. पातळ लावणाऱ्यांसाठी हा उपाय मला फार आवडतो, खर्च काही नाही.

उत्पन्नाचा हिशोब कसा करायचा

पातळ लावलेलं एकेक झाड बघितलं की डोळे भरतात, भरपूर फांद्या, एका झाडाला शेंगाच शेंगा. दाट शेतातलं झाड त्याच्यापुढे किरकोळ दिसतं. पण हिशोब झाडाचा नसतो, गुंठ्याचा असतो. झुडपी वाण 60 बाय 30 वर लावलं तर झाडाला शेंगा वाढतील, तरी झाडं जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आलेली असतात आणि तेवढी भरपाई झुडपी झाड सहसा करू शकत नाही. पसरणारं वाण मात्र करतं, मोकळी जागा मिळाली की तेवढ्या फांद्या काढतं. म्हणून पसरणाऱ्या वाणाला जवळ टोकून झाडं वाढवली तरी उत्पन्न एका मर्यादेपुढे वाढत नाही, वाढतो तो पाला आणि अळी. दाण्याचं सुधारित वाण नीट सांभाळलं तर गुंठ्याला 8 ते 10 किलो दाणा हे चांगलं उत्पन्न धरा.

पहिल्याच वर्षी सगळं शेत एका अंतरावर लावू नका. एकच वाण घ्या, चार ओळी 30 सेंमीवर आणि चार ओळी 45 सेंमीवर टोका, बाकी खत-पाणी-फवारा सगळं सारखं. दोन्हीकडची जागा मोजून ठेवा. तोडणीला दोन पिशव्या वेगळ्या, आणि प्रत्येक पिशवीत चांगल्या शेंगा आणि किडक्या शेंगा वेगळ्या करून दोन्हीचं वजन लिहा. किडकं फेकून द्यायच्या आधी वजन करायचं, हे विसरतात लोक, आणि मग दाट ओळीत शेंगा जास्त आल्या एवढंच लक्षात राहतं, त्यातल्या किती विकण्यासारख्या होत्या ते राहत नाही. वजनाला जागेने भागा, म्हणजे दोन्हीची तुलना खरी होते. पुढच्या हंगामात तुमच्या जमिनीला कुठलं अंतर ते याच वहीतून कळेल.

दाण्याची चवळी शेंगा वाळल्या की झाडावर ठेवू नका, दोन-तीन तोडण्यांत काढून घ्या. साठवणीतला भुंगेरा वाळत्या शेंगेवर शेतातच अंडी घालतो आणि आपण तो डब्यात घेऊन येतो. कडक उन्हात वाळवून, गार होऊ देऊन, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. घरात खायला किंवा बियाण्याला थोडी ठेवणार असाल तर किलोला 5 मिली खायचं तेल हाताने चोळून ठेवा, आणि बियाण्याच्या डब्यावर वाणाचं नाव, हंगाम आणि कुठल्या अंतराच्या ओळीतलं ते चिठ्ठीवर लिहून चिकटवा.